सतराव्या नंबरची बोली

क्रीडा संकुलात सगळ्यात महाग वस्तू कोणती, असं विचारलं तर लोक लाकडी फ्लोअरिंग म्हणतील, नाहीतर छताचे पत्रे म्हणतील. खोटं. सगळ्यात महाग असते ती कमान. तिच्यावर कुणी खेळत नाही, तिच्यात कुणी बसत नाही, पण तिच्यावर नाव असतं. हे शहाणपण मला एकसष्ट लाखांना मिळालं, आणि तेही दुसऱ्याच्या एकसष्ट लाखांना.

मी किरण बोरसे, तापी-पांझरा विद्यापीठाची क्रीडा संचालक. विद्यापीठ जळगावला, मी धुळे जिल्ह्यातली. माझ्या तोंडाबद्दल विद्यापीठात दोन मतं आहेत. काही जण मला फटकळ म्हणतात, उरलेले माझ्याशी बोलत नाहीत. नवं संकुल होणार म्हटल्यावर प्रत्येकाने आपापली यादी काढली. कुणाला बॅडमिंटनची सहा कोर्टं, कुणाला इलेक्ट्रॉनिक स्कोअरबोर्ड, कुलगुरूंना पाहुण्यांसाठी सोफे. माझी यादी चार ओळींची होती. मुलींना कपडे बदलायला एक खोली, अंघोळीला एक, जरा पाठ टेकायला एक, आणि आतून कडी लागणारी, नळाला पाणी येणारी स्वच्छतागृहं.

ही यादी काही कालपरवाची नाही. ब्याण्णव साली मी कॉलेजकडून कबड्डी खेळायचे, तेव्हा मैदानाच्या कोपऱ्यात चौघी जणी चादर धरायच्या आणि पाचवी कपडे बदलायची. चादर धरणाऱ्या चौघी बाहेर बघायच्या, कोण टपलंय त्यावर लक्ष ठेवायला. तीस वर्षांत चादरी जाऊन ओढण्या आल्या, एवढीच काय ती सुधारणा. सामन्याच्या दिवशी आमच्या मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत. मागच्या मार्चमध्ये शिरपूरकडची एक चढाई करणारी पोर चाळीस डिग्रीच्या उन्हात मध्यरेषेवरच कोसळली. डॉक्टरने विचारलं, पाणी किती प्यायलीस? ती म्हणाली, काल जेवताना एक ग्लास. त्या दिवशी मी ठरवलं की संकुलात बाकी काही झालं नाही तरी चालेल, या चार ओळी झाल्याच पाहिजेत.

आता जागेची गोष्ट. संकुल कुठं बांधायचं यावर अधिसभेत दोन वर्षं भांडण चाललं. जळगावकर म्हणत, विद्यापीठ जळगावात तर संकुलही जळगावात. धुळेकर म्हणत, सगळं तुम्हालाच, आम्ही काय नुसती परीक्षा फी भरायला आहोत? एका सदस्याने तर दोन्ही शहरांमधलं अंतर मोजून बरोबर मध्यावर, पारोळ्याच्या आसपास, दगड ठेवावा असा लेखी ठराव आणला. त्याला अनुमोदनही मिळालं. मग दिल्लीहून पत्र आलं: संकुलाला बारा कोटी खर्च, त्यातले नऊ आम्ही देतो, तीन कोटी आणि जागा तुम्ही एकतीस मार्चच्या आत दाखवा, नाहीतर पैसे परत. मुदत पडली की आमच्याकडे लोकांना लगेच कंठ फुटतो, तसा तो सोनगीरच्या लोटन आबांना फुटला.

लोटन आबा म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. सोनगीरच्या शिवारात महामार्गाला लागून त्यांची दहा एकर जमीन. त्यातली सहा एकर त्यांनी विद्यापीठाला बक्षीसपत्र करून दिली.

"पोरी, आठे मी चाळीस वरीस कापूस पेरा," आबा मला अहिराणीत म्हणाले. "आते पोरं पेरू. उगनात ते उगनात."

ऐकून मी भारावले होते. मग कळलं की मागच्या शिवाररस्त्याकडच्या राहिलेल्या चार एकरांत चहा, नाश्ता आणि बुटांचं दुकान काढायचा बेत बक्षीसपत्राच्या आधीच पक्का झाला होता. आबा साधे आहेत, भोळे नाहीत. आणि मला विचाराल तर त्यात वाईट काही नाही. सहा एकर फुकट देणाऱ्याने चार एकरांत भजी विकली तर कुणाचं काय गेलं? जळगावकर थोडे कुरकुरले, सोनगीरला माणूस तांब्या-पितळेची भांडी घ्यायला जातो, खेळायला नाही, म्हणाले. पण धर्माची गाय आणि दात का नाय, असं आपलं व्हायला नको म्हणून शेवटी गप्प बसले.

राहिले तीन कोटी. निधी समितीचे अध्यक्ष होते दोंडाईचाचे मिरचीचे मोठे व्यापारी निर्मलकुमार छाजेड. वय पासष्ट, कपडे पांढरे, शब्दाला पक्के. त्यांच्या गोदामात पाऊल टाकलं की माणूस आधी शिंकतो आणि मग नमस्कार करतो. पहिल्याच बैठकीत कुणी कूपनं छापू म्हणालं, कुणी माजी विद्यार्थ्यांना पत्रं पाठवू म्हणालं. शेठजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पत्रं पाठवून शुभेच्छा येतात. पैसे पाहिजेत तर बोली लावा."

बोली म्हणजे काय ते मला ठाऊक होतं, प्राध्यापकांना नव्हतं. जैनांच्या मंदिरात पहिल्या आरतीचा, पहिल्या पूजेचा मान कुणाचा, हे बोलीवर ठरतं. भर सभेत बोली चढत जाते, तीन बार म्हटलं की तुटते, म्हणजे पक्की होते, आणि ज्याने घेतली त्याचं नाव पुकारलं जातं. त्या बोलीचे नियम फार थोडे आहेत, पण ते लोखंडी आहेत. घेतलेली बोली परत करता येत नाही. दुसरा कुणी ती काढून घेऊ शकत नाही. पैसे ताबडतोब भरायचे. बाई असो की पुरुष, आवाज ज्याचा, बोली त्याची. पोलीस नाही, वकील नाही, तरी आजवर कुणी बोली बुडवल्याचं मी ऐकलेलं नाही. मला ही पद्धत आवडली. आमच्या खात्यात तीन सह्या असलेला कागदही लोक नाकबूल करतात.

झालं. संकुलाचे सतरा भाग पाडले गेले. एक नंबर, महामार्गावरची भव्य कमान. दोन नंबर, मुख्य सभागृह. मग प्रेक्षागार, स्कोअरबोर्ड, धावपट्टी, ध्वजस्तंभ असं करत करत सतरा नंबरला, कागदाच्या तळाशी, मुलींचं दालन. मी माझी यादी पहिल्या पाचात घाला म्हणून भांडले. शेठजी हात जोडून म्हणाले, "मॅडम, दुकानात चांगला माल पुढे मांडतात." आणखी एक नियम त्यांनी घातला: जो भाग विकला जाणार नाही, तो दुसऱ्या टप्प्यात. दुसरा टप्पा म्हणजे काय, हे सरकारी कामं पाहिलेल्या माणसाला सांगायला नको.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी धुळ्याच्या एका मंगल कार्यालयात बोली झाली. दोन्ही जिल्ह्यांतले व्यापारी, डॉक्टर, कारखानदार, एका बाजूला बायका, पुढे कुलगुरू. बोली पुकारायला रोनक नावाचा कापड दुकानदार होता. त्याचा आवाज असा की माइक हा त्याचा अपमान वाटावा. कमानीची बोली पंचवीस लाखांवर सुरू झाली. जळगावचे एक सराफ आणि आमचे शेठजी असे दोघेच शेवटी उरले. पन्नास, एक्कावन्न, पंचावन्न. लोक माना इकडून तिकडे फिरवत होते. एकसष्टवर सराफांनी हसून हात जोडले.

"इकसठ लाख एक बार, इकसठ लाख दो बार, इकसठ लाख तीन बार," रोनक म्हणाला, "कै. कस्तूरचंदजी छाजेड यांच्या स्मरणार्थ, सुपुत्र निर्मलकुमारजी." शेठजी उठले, शाल घेतली, आणि पहिल्यांदाच मी त्यांचे डोळे पाणावलेले पाहिले. वडिलांवर त्यांचा जीव होता. त्यात खोटं काही नव्हतं, हे मी आधीच सांगून ठेवते.

सोळा नंबरपर्यंत दोन कोटी एकोणऐंशी लाख जमले. मग रोनकने सतरा नंबर वाचला आणि त्याचा आवाज एकदम घरगुती झाला.

"आता शेवटची बोली. मुलींसाठी... आवश्यक सुविधा कक्ष. एकवीस लाखांपासून."

कुणी काही बोलेना. पुरुषांच्या बाजूला सगळ्यांना एकाच वेळी फोन आले. एकवीस लाख मोजून आपल्या स्वर्गवासी वडिलांचं नाव संडासावर कोण लावणार? एकाने शेजाऱ्याला तसं म्हणूनही दाखवलं, आणि ते मला ऐकू आलं. मी उठून उभी राहिले.

"रोनकभाऊ, शौचालय म्हणा. नुसत्या शब्दाला वास येत नाही."

काही हसले. कुलगुरूंनी मला डोळ्यांनी बसायला सांगितलं. रोनकने पुन्हा पुकारलं, पुन्हा शांतता. चार ओळींची यादी माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्या टप्प्यात चालली होती. तेवढ्यात बायकांच्या बाजूने एक बारीक पण खणखणीत आवाज आला.

"एकवीस लाख."

शेठजींनी वळून पाहिलं. त्यांच्या आई, धापूबाई. चौऱ्याऐंशी वर्षांच्या, खुर्चीत ताठ, डोक्यावर पदर. रोनक गोंधळून म्हणाला, "बाई, कुणाच्या स्मरणार्थ?"

"कुणाच्या नाही. धापूबाई कस्तूरचंद छाजेड. मी जिवंत आहे."

वर कुणी बोलणार नव्हतंच. तीन बार झालं, टाळ्या झाल्या, तीन कोटी पुरे झाले. शेठजी आईला बाईच म्हणायचे; ते हसत म्हणाले, "बाईंची मर्जी," पण ते हसणं खालच्या ओठापर्यंतच आलं होतं. मी जाऊन धापूबाईंच्या पाया पडले. का घेतली बोली, असं विचारलं तर म्हणाल्या, "बसून बसून पाठ दुखत होती. एकदाचं संपवलं." मी त्यावर विश्वास ठेवला, एवढी मी खूश होते.

महिनाभर सगळं सुरळीत चाललं. मग फेब्रुवारीत महामार्गवाल्यांचं पत्र आलं. सोनगीरजवळ नवा उड्डाणपूल होतोय, त्याचा उतार नेमका आमच्या जागेसमोर संपतो, म्हणून तिथून आत-बाहेर जायला परवानगी मिळणार नाही. महामार्गाच्या बाजूने सलग कठडा येणार. म्हणजे कमान उभी राहणार, पण तिच्यातून मांजरसुद्धा जाणार नाही. संकुलात शिरायचं तर दोंडाईचा रस्त्याकडून, मागच्या शिवाररस्त्याने.

आम्ही आधी कमान विकली आणि मग रस्ता शोधला. अशी चूक करायला तेरा जणांची समिती लागते, एकट्याचं काम नाही. मी आबांना फोन करून सांगितलं तर ते शांतपणे म्हणाले, "पूल आठेच उतरनार शे. मोजनीवाला मनाच बांधवर बशीसन चहा पिई ग्यात."

"आबा, मग सांगितलं का नाही?"

"माले कोनी इचारंच नई."

भूपेंद्र म्हणजे विद्यापीठाचे अभियंता, सज्जन माणूस, नकाशा हाच त्यांचा देव. समितीच्या बैठकीत त्यांनी नवा नकाशा पसरला तेव्हा खरी भानगड दिसली. मुलींचं दालन त्यांनी आडोसा हवा म्हणून मागच्या बाजूला काढलं होतं. आता मागचीच बाजू पुढची झाली. शिवाररस्त्याने येणाऱ्या प्रत्येक गाडीला, मंत्र्याच्या असो की विद्यार्थ्याच्या, पहिली दिसणार ती पाटी: धापूबाई कस्तूरचंद छाजेड मुलींचे दालन व स्वच्छतागृह. आणि कस्तूरचंदजींची एकसष्ट लाखांची कमान पलीकडे कठड्याला नाक लावून उभी.

मला हसू आवरेना, आणि तीच माझी चूक झाली. शेठजी माझ्यासमोर बसले होते.

"मॅडम, तुम्हाला हसू येतंय," ते म्हणाले. "माझ्या वडिलांचं नाव फक्त ट्रकवाल्यांना दिसणार, आणि दारात माझ्या आईचं नाव संडासावर. दोंडाईचात लोक मला काय विचारतील?"

त्यांचा आवाज चढला नव्हता, दुखावला होता. माझं हसू जागच्या जागी विरलं. मग त्यांनी भूपेंद्रना विचारलं, कमान मागच्या रस्त्यावर आणता येईल का? भूपेंद्र म्हणाले, येईल, पण तिथली जागा दालनाची आहे, आणि दालन दुसरीकडे न्यायचं तर नळ, गटार, सगळं नव्याने, वीस-बावीस लाख जास्त. ते पैसे नाहीत. एकतीस मार्चला नकाशा दिल्लीला जायचा आहे. तेव्हा दालन तूर्त...

"दुसऱ्या टप्प्यात," मी म्हणाले.

"तूर्त," भूपेंद्र माझ्याकडे न बघता म्हणाले.

मी जे बोलले ते इतिवृत्तात आलेलं नाही, आणि न आलेलंच बरं. चिडून काही उपयोग नव्हता, कारण बैठकीत तेरापैकी अकरा जण शेठजींच्या बाजूने होते. उरलेली एक मी, आणि एक जण झोपला होता. फक्त एक अडचण शेठजींनी स्वतःच सांगितली. सतरा नंबरची बोली धापूबाईंची होती. त्यांच्या संमतीशिवाय ती हलवता येत नाही, नियम म्हणजे नियम. "बाईंचं संमतीपत्र मी आणतो," ते म्हणाले. "उद्या सकाळी."

आई मुलाला नाही म्हणेल असं मला वाटत नव्हतं. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, मुलाच्या घरात राहणारी, नवऱ्याच्या नावाचा प्रश्न. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मी जळगावहून निघाले, सोनगीरला आबांना गाडीत घेतलं आणि दोंडाईचा गाठलं. आबांना कशाला नेलं? जमीन देणारा माणूस बरोबर असला तर दारातून परत पाठवत नाहीत. आणि खरं सांगायचं तर एकटीने जायची माझी छाती होत नव्हती.

शेठजींचं घर तिमजली, लिफ्ट असलेलं, बाजारपेठेच्या बाहेर. धापूबाई वरच्या हॉलमध्ये बसल्या होत्या. समोर टेबलावर टाइप केलेलं संमतीपत्र, शेजारी उघडं पेन, आणि पलीकडे शेठजी. म्हणजे आम्हाला उशीर झाला होता. शेठजींनी आम्हाला बघून कपाळाला आठी घातली, पण "या, बसा" म्हणाले आणि चहा सांगितला. धापूबाई हातातल्या भिंगाने पत्र वाचत होत्या. एकेक ओळ, अगदी सावकाश.

चहा आला. त्यांनी तो बशीत ओतून घेतला आणि आबांना अहिराणीत विचारलं. आयुष्य मिरची विकणाऱ्यांच्या घरात गेलेलं, त्यामुळे त्यांची अहिराणी माझ्याहून बरी.

"लोटन, जमीन तुनी. तुले काय वाटस?"

"माले काय वाटनं, अक्का," आबा म्हणाले. "पोरीस्ले जे लागस ते व्हवाले पाहिजे."

धापूबाईंनी मान हलवली आणि त्या मुलाकडे वळल्या. पुढचं बोलणं मारवाडीत झालं. ते मला समजतं, इतकी वर्षं खान्देशात काढून न समजायला काय झालं. इथं मराठीत देते.

"निर्मल, हे तू लिहिलंस?"

"हो, बाई. तुमच्या नावाला धक्का नाही. दालन नंतर होणारच आहे. आत्ता फक्त बाबूजींची कमान दारात यावी, एवढंच."

"तुझ्या बाबूजींचं नाव दुकानावर साठ वर्षं होतं. पाटी तीनदा रंगवली. गोदामावर आहे, धर्मशाळेच्या खोलीवर आहे. माझं कशावर आहे?"

"तुमचं..." शेठजी थांबले. "पण संडासावर कशाला, बाई? तुम्हाला हवं असेल तर मी शाळेला खोली देतो तुमच्या नावाने. दवाखान्याला देतो. शोभेल असं काहीतरी."

धापूबाईंनी बशी रिकामी केली, खाली ठेवली.

"मी या गावात आले तेव्हा सोळा वर्षांची होते," त्या म्हणाल्या. "आपलं जुनं घर आठवतं? पुढे दुकान, वर आपण, आणि संडास दुकानामागच्या बोळात. बोळात जायचं तर दुकानातून जायचं. दुकानात तुझे आजोबा गादीवर, मुनीम, हमाल, चार खेड्यांची गिऱ्हाइकं. मी घुंघट ओढून, हातात डबा घेऊन त्यांच्यासमोरून जाणार होते का?"

शेठजींनी हातातला कप खाली ठेवला.

"दुकान बंद व्हायचं रात्री नऊ वाजता. मी नऊ वाजेपर्यंत थांबायची. पहाटे दुकान उघडायच्या आधी एकदा, आणि मग नऊला. वीस-एकवीस वर्षं. तू कॉलेजात गेलास तेव्हा आपण इकडे घर बांधलं, तोवर. तू पोटात होतास तेव्हाही. तुझे बाबूजी वाईट नव्हते. ते मला कधी एक कठोर शब्द बोलले नाहीत. पण त्यांनी हे कधी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. नवऱ्याला हे कसं सांगतात, मला माहीत नव्हतं."

आबा खाली फरशीकडे बघत बसले होते. मला माझ्या यादीचा फार अभिमान होता, की बाई, तीस वर्षं मी हे डोक्यात ठेवलंय. त्या क्षणी मला त्याची थोडी लाज वाटली. ही बाई साठ वर्षं ते पोटात घेऊन बसली होती आणि सतरा नंबर पुकारला जाईपर्यंत तिला ते सांगायला जागाच मिळाली नव्हती.

शेठजी आईकडे बघत होते. पासष्ट वर्षांचा माणूस, दोन जिल्ह्यांत ज्याच्या शब्दावर गाड्या भरतात, पण चेहरा एखाद्या शाळकरी पोरासारखा झाला होता.

"मला वाटायचं, तुम्हाला चहा आवडत नाही," ते म्हणाले. "सगळे प्यायचे. तुम्ही सगळ्यांना द्यायच्या आणि स्वतः कधीच घ्यायच्या नाहीत. मी शाळेत निबंधात लिहिलं होतं, माझ्या आईला चहा आवडत नाही."

"चहा कुणाला आवडत नाही, निर्मल?"

शेठजींनी उपरण्याने डोळे पुसले, उघडउघड, आमच्या देखत. मीही पुसले. मला रडणारी माणसं आवडत नाहीत, पण त्या दिवशी कुणी रडलं नसतं तर मला राग आला असता.

मग शेठजींनी फोन काढला आणि भूपेंद्रना लावला. दालन आहे तिथंच राहील, असं सांगितलं. पलीकडून कमानीचं विचारलं असावं. "कमान रद्द करा," ते म्हणाले. "ते पैसे दोंडाईचा रस्त्यापासून आतपर्यंत दिवे लावायला वापरा. नाव बाबूजींचंच. आणि हो, दालनाची पाण्याची टाकी किती लिटरची आहे? दुप्पट करा. ते वरचे पैसे मी देतो, त्याची बोली नको."

आबांनी माझ्याकडे बघून हळूच मान डोलावली. त्यांच्या होऊ घातलेल्या चहाच्या टपरीला आता संध्याकाळीही उजेड मिळणार होता. हे त्यांच्या लक्षात आलं होतं, आणि ते माझ्या लक्षात आलं हेही त्यांच्या लक्षात आलं.

शेठजींनी आईसमोरचं पेन उचललं. आवाज आता त्यांचा नेहमीचा, बाजारातला झाला होता, फक्त थोडा जाड.

"बाई, पाटीवर तुमचं नाव किती मोठं करायचं ते सांगा. कमानीवर येणार होतं तेवढं करतो. सोनेरी अक्षरांत."

धापूबाईंनी जरा विचार केला.

"माझं बारीक केलंस तरी चालेल," त्या म्हणाल्या. "वर 'मुलींसाठी' लिही. ते मोठं लिही. बसमधून उतरल्या उतरल्या दिसलं पाहिजे, एवढं. कुठल्याही पोरीला कुणाला विचारायला लागू नये."

शेठजींनी कागद शोधला. दुसरा सापडला नाही, तेव्हा त्यांनी संमतीपत्र उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला ते मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं.